खर्जातला गांधार

बाई आमच्या रेवदंड्याच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या शेजारच्या लग्नाला. जेवणं उरकून ओटीवर टेकल्या, तेव्हा कोपऱ्यात उभा असलेला माझा तंबोरा त्यांना दिसला. "आण गं तो इकडे." त्यांनी चारही तारा छेडल्या, पुन्हा छेडल्या, मग नुसती खर्जाची तार वाजवून बराच वेळ कान लावून बसल्या. आवाज विरला तसं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चार वर्षं तू याच्यावर रियाज करतेस?"

मी बेचाळिसाव्या वर्षी गाणं शिकायला लागले. आठवड्यातून दोनदा ऑफिस सुटल्यावर अलिबागला बाईंकडे, बाकीचे दिवस घरी, स्वयंपाकाआधी मिळतील तेवढी चाळीस मिनिटं. बाईंसमोर भूपातला गांधार बसायचा. घरी तोच गांधार उतरायचा, कधी चढायचा, जागेवर म्हणून थांबायचा नाही. मी त्याचा अर्थ असा लावला होता, की बाईंच्या धाकानं होतं ते एकटीनं होत नाही. वय झालं, गळा तापायला वेळ लागतो, कान उशिरा उघडला. कारणं माझ्यापाशी पुष्कळ होती आणि ती सगळी माझ्यातलीच होती.

बाईंनी दांडीवर हात ठेवून दाखवलं. तो पुरुषी तंबोरा होता, काळी एकच्या गळ्यासाठी बांधलेला. माझा स्वर काळी चार. या दोहोंत बरोबर पंचमाचं अंतर आहे. एवढ्या लांब दांडीवर तेवढा वरचा स्वर गाठायचा म्हणून कुणीतरी अगदी बारीक तारा चढवल्या होत्या. जोडीची तार दर महिन्याला का तुटायची ते मला तेव्हा कळलं. त्यात भर म्हणजे घोडी सपाट झालेली. तार तिच्या कडेवरच टेकत होती, त्यामुळे जवारी अशी नव्हतीच. जुना म्हणून नऊ हजारांत घेतलेला तो तंबोरा विकणाऱ्यानं 'बायकांचाच आहे' असं सांगितलं होतं, आणि मी दांडीवरची नक्षी बघून घेतला होता.

नवा घ्यायचा तर चांगला घ्यावा, असं बाई म्हणाल्या. मला संकोच वाटला. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका देणाऱ्या बाईनं मिरजेचा तंबोरा घ्यायचा? आधी गाणं तर येऊ दे. हे मी बोलून दाखवलं तेव्हा बाई जराशा चिडल्या. "ज्याचा कान तयार आहे, तो मोडक्या तंबोऱ्यावरही गाऊन जाईल. तुझा तयार व्हायचाय. चांगल्याची गरज तुला आहे, मला नाही." हे वाक्य मी आज इतर शिकणाऱ्यांना सांगत असते. मोठेपणी शिकणारा माणूस स्वतःवर खर्च करायला लाजतो आणि हलक्या वाद्याची चूक वर्षानुवर्षं आपल्या अंगावर घेत राहतो.

एसटीनं पुणं, तिथून रेल्वेनं मिरज. या गावाचं गाण्याशी नातं जुनं आहे. पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे इथेच शिकले; मी ज्यांच्या परंपरेतल्या परीक्षा देते, त्यांचं शिक्षण या गल्ल्यांत झालं, हे उतरताना मनात होतं. अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले. १९३७ साली ते गेल्यावर त्यांना मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं, आणि तिथे दर वर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. वाद्यं करणारी घराणी मुळात शिकलगारांची. तलवारी आणि भाले घडवायचे, त्यांना धार लावायची हे त्यांचं काम. इंग्रजी अमलात हत्यारांचं काम संपत गेलं, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी आधी वाद्यांची दुरुस्ती आणि मग घडण हाती घेतली. आडनाव पडलं सतारमेकर. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

सतारमेकर गल्लीत शिरलं की आधी वास येतो, लाकडाच्या भुशाचा आणि पॉलिशच्या स्पिरिटचा. ओट्यावर भोपळ्यांची चळत होती. हे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतात. पूर्ण वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करायचा, कापायचा, तोंड हवं तेवढं ताणून आत काठ्यांचा आधार द्यायचा आणि त्याच आकारात पुन्हा वाळू द्यायचा. दांडी तुणीच्या लाकडाची, आतून पोकळ. भोपळ्यावर बसते ती तबली, मधोमध किंचित फुगीर. हे सगळं एकाच माणसाच्या हातचं नसतं. कोरणारा वेगळा, पॉलिशवाला वेगळा. जवारीचा माणूस तर घरात एखादाच.

ज्या चाचांकडे मला बाईंनी पाठवलं होतं, त्यांनी बसायला सतरंजी दिली आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, सूर कोणता?" बजेट नंतर विचारलं. काळी चारसाठी त्यांनी तीन तंबोरे काढले, तिन्ही चार फुटांच्या आसपासचे. पुरुषी तंबोऱ्यात पहिली पंचमाची तारही बहुधा पितळी असते. बायकांच्या तंबोऱ्यात ती पोलादी. मधल्या दोन जोडीच्या पोलादी, शेवटची खर्जाची पितळी. त्यांनी तिन्ही जुळवून दिले आणि म्हणाले, "आता मी चहा सांगतो. तुम्ही बसा."

बाईंनी निघताना बजावलं होतं, की पहिला अर्धा तास गायचं नाही, नुसतं ऐकायचं, आणि डोळे मिटून. मी दांडीवरून डोळा लावून ती सरळ आहे का बघितलं, खुंट्या फिरवून पाहिल्या, गळ्याचा सांधा चाचपला. मग डोळे मिटले. पहिला तंबोरा छेडताक्षणी खोली भरून गेली. झणझणीत, उघडा आवाज. मला तोच आवडला. दुसरा मवाळ वाटला, तिसरा मधला. पण दहा-पंधरा मिनिटांनी एक गोष्ट जाणवायला लागली. पहिल्याचा आवाज लवकर विरत होता, एका छेडीनंतर दुसरीपर्यंत मध्ये फट पडत होती. दुसऱ्यात ती फट नव्हती. एक तार संपायच्या आत पुढची तिच्यात मिसळायची. मग मी 'सा' लावला. पहिल्याबरोबर मला आवाज मोठा करावासा वाटत होता. दुसऱ्याबरोबर माझा 'सा' कुठे संपतो आणि तंबोऱ्याचा कुठे सुरू होतो ते कळेना.

बाईंना ऐकवावं म्हणून फोन लावला, तर त्यांनी फोनवर ऐकायला नकार दिला. बरोबरच होतं. एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज जेमतेमच निघतो. उरतो तो वरचा झणत्कार. घरी मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर रियाज करणाऱ्यांचंही नेमकं हेच नुकसान होतं.

चाचांनी दुसऱ्या तंबोऱ्याची घोडी काढून समोर ठेवली. पूर्वी घोडीला सांबरशिंग लावायचे, आता हाड किंवा शिसवी लाकूड. वरून सपाट दिसणाऱ्या तिच्या माथ्याला अगदी मंद उतार असतो. तार कंप पावते तेव्हा त्या उतारावर तिचा टेकण्याचा बिंदू पुढे-मागे सरकत राहतो आणि त्या घासण्यातून वरचे स्वर जागे होतात. हीच जवारी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये याच घोडीवर निबंध लिहिला होता. तार ज्या बिंदूवर छेडावी तिथले काही वरचे स्वर नियमानं उमटायला नकोत. तंबोऱ्यात आणि वीणेत ते तरीही उमटतात, हे त्यांनी दाखवून दिलं. माझा षड्ज सुमारे २०८ हर्ट्झ, खर्ज त्याच्या निम्मा, १०४. खर्जाच्या तारेतून त्याची पाचपट म्हणजे ५२० निघते, आणि तो असतो तार सप्तकातला शुद्ध गांधार. न छेडलेला, न जुळवलेला. जाणकार त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. माझ्या जुन्या, सपाट घोडीच्या तंबोऱ्यात तो नव्हता. चार वर्षं मी जो गांधार शोधत होते, तो मला दाखवणारं घरात कुणी नव्हतं.

चाचांनी घोडीवरून कानस फिरवली, केसाएवढी. पुसली, बसवली, तार चढवली, ऐकली, उतरवली. असं नऊ-दहा वेळा. मध्ये कुणी बोललं तर ते हात थांबवायचे. शेवटी तारेखाली सुती दोरा सारून तो नखानं पुढे ढकलत गेले. आवाज बोथट, बोथट, आणि एका जागी तार एकदम उमलली. दोरा गव्हाएवढा पुढे गेला असता तर पुन्हा मिटली असती. त्यांनी मला ते स्वतःच्या हातानं चार वेळा करायला लावलं. "तुमच्याकडे खारी हवा. हे तुम्हालाच करायचंय." जवारीही त्यांनी पहिल्या तंबोऱ्यासारखी फार उघडी ठेवली नाही.

तंबोऱ्याचे ३५,००० रुपये झाले. गाडीत तो माझ्या बर्थवर झोपला, मी बसून आले. प्रवासात तारा थोड्या उतरवून ठेवायच्या आणि खुंटी ओढताना आधी किंचित बाहेर घ्यायची, एवढं मी पाठ करत होते.

समुद्राकाठी वाद्य सांभाळणं हे वेगळंच काम आहे. आमच्याकडे जूनमध्ये मिठाची बरणी पाणी सोडते. पोलादी तारा तर आठवड्यात तांबूस होतात. रियाज झाला की कोरड्या मलमलीनं प्रत्येक तार पुसायची, खिडकीच्या रेषेत तंबोरा ठेवायचा नाही. खुंट्या फुगून अडकतात तेव्हा जोर करायचा नाही, उघाडीची वाट बघायची. उन्हाळ्यात त्याच सैल पडतात, मग खडू लावायचा. जुळवायलाच वीस मिनिटं जातात. पूर्वी हा वेळ मला वाया गेल्यासारखा वाटायचा. आता चाळिसातली ही वीस मिनिटं मी सोडत नाही, कारण कान खरा तयार होतो तो याच वेळात, तारेतला मणी सरकवून जोडीच्या दोन तारांमधला हेलकावा थांबवताना.

परवा रात्री पाऊस थोडा थांबला होता. वीज गेलेली, त्यामुळे पंखा बंद, फ्रिज बंद. पंचम लावला, जोड लावली, खर्जाचा मणी तांदळाएवढा खाली घेतला. तीन-चार छेडींनंतर तो आला, वरून, अगदी बारीक. मी हात न थांबवता तोंड मिटूनच त्याच्याखाली माझा गांधार लावला. वीज आली तेव्हा फ्रिज घरघरला. मी उठून त्याचं बटण बंद केलं आणि परत येऊन बसले.