अष्टमीची भरती किती वाजता?

धाकट्या डहाणूत बोंबील वाळवायचे दिवस. दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. बायकांचे हात या कामाला इतके सरावलेले, की बोलता बोलता एक दोरी भरून जाते. त्या दोऱ्यांपलीकडच्या ओटीवर एक निवृत्त शिक्षक जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर प्रश्न लिहीत बसले आहेत. शाळेच्या प्रश्नमंजुषेसाठी त्यांना चाळीस प्रश्न काढायचे आहेत. विषय भाषा, तर्क, सिनेमा आणि जगाचा इतिहास. मुलं काही किनाऱ्यावरची, काही तलासरीच्या पाड्यांवरची.

प्रश्न काढणं सोपं वाटतं. पुस्तकातलं वाक्य घ्यायचं, शेवटी ‘कोणत्या साली’ लावायचं, झालं. पण असा प्रश्न विचारला की ज्यानं पाठ केलंय तोच हात वर करतो, बाकीचे जमिनीकडे बघतात. सर असे प्रश्न पहिल्याच वाचनात खोडतात. उत्तर ठाऊक नसलेल्या पोरालाही प्रश्नातच धरायला काहीतरी मिळालं पाहिजे, ही त्यांची अट आहे आणि ती पाळायला फार मेहनत पडते.

भाषेचा प्रश्न आधी एवढाच होता: बटाटा, पगार, चावी, पाव हे शब्द मराठीत कोणत्या भाषेतून आले? आता त्याच्या आधी एक ओळ आली आहे. ‘डहाणूचा किल्ला मराठ्यांनी १७३९ साली घेतला. त्याआधी तिथे ज्यांचं राज्य होतं, त्यांच्याच भाषेतून हे शब्द आले.’ चिमाजी अप्पांची वसईची मोहीम शाळेत ऐकलेलं मूल इथून पोर्तुगीज भाषेपर्यंत स्वतःच्या पायांनी पोचतं.

तर्काच्या प्रश्नावर मात्र पूर्ण सकाळ गेली. ‘अष्टमीला पूर्ण भरती किती वाजता?’ असं विचारलं की कोळीवाड्यातलं पोर लगेच सांगेल, सहाला. तिथीची पाऊणपट करायची, हा इथला पिढीजात हिशेब: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागे मागे सरकते. होडी खाडीत आणायची असेल तर हे गणित घड्याळाआधी लागतं. पण डोंगराकडच्या मुलांनी काय करायचं? त्यांना समुद्र रोज दिसत नाही, म्हणून त्यांची बुद्धी कमी ठरत नाही. शेवटी प्रश्नातच नियम घातला गेला: ‘पौर्णिमेला भरती बाराला आहे आणि ती रोज पाऊण तास पुढे सरकते. तर आठ दिवसांनी, अष्टमीला, ती किती वाजता येईल?’ आता दोन्हीकडची मुलं एकाच रेषेवरून पळतील.

सिनेमाच्या प्रश्नात भांडण होण्याची भीती. ‘भारतातला पहिला चित्रपट कोणता?’ याचं उत्तर म्हणून सगळे ‘राजा हरिश्चंद्र’ सांगतात. फाळक्यांचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पण दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ त्याच कॉरोनेशनमध्ये मे १९१२ मध्येच आला होता. ते नाटकाचं चित्रीकरण होतं म्हणून त्याला बाजूला ठेवतात. एखाद्या मुलीनं तोरण्यांचं नाव घेतलं तर तिला चूक कसं म्हणायचं? सरांनी तो प्रश्नच काढून टाकला आणि अण्णा साळुंकेंना आणलं: ‘१९१७ च्या लंकादहनमध्ये एकाच नटानं रामही केला आणि सीताही. तो कोण?’ साळुंके आधी उपाहारगृहात काम करायचे आणि ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले होते, हे ऐकलेलं मूल पुन्हा विसरत नाही.

जगाच्या इतिहासात त्यांनी आफ्रिकी वंशाच्या लोकांचा भाग मुद्दाम मोठा ठेवला आहे. हा इतिहास फार दूरचा आहे असं मुलांना वाटतं. तो दूरचा नाही. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला आणि त्यानं वसवलेलं खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. १९७२ साली मुंबईतल्या दलित तरुणांनी आपल्या संघटनेचं नाव ठेवताना अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे पाहिलं. या तिन्हींवर एकेक प्रश्न आहे.

चौथा सर्वांत साधा, नुसत्या वजाबाकीचा. ‘१८६५ साली अमेरिकेत घटनादुरुस्तीनं गुलामगिरी बंद झाली. मे १९४५ मध्ये झरी इथे जमलेल्या वारल्यांनी यापुढे वेठ करायची नाही असं ठरवलं. मध्ये किती वर्षं गेली?’ लग्नापुरतं कर्ज काढून वारली माणूस बायकोसकट सावकाराच्या घरी राबायचा. त्याला लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे दिवस लिहून ठेवले आहेत. हा प्रश्न फार सोपा होतोय का, अशी शंका सरांना दोन दिवस छळत होती.

मग एका संध्याकाळी त्यांनी कागद काही मुलांना वाचून दाखवला. पोर्तुगीज आलं, सहा वाजले, साळुंकेंवर सगळे अडले. वजाबाकीला तलासरीकडच्या एका मुलीनं ऐंशी म्हटलं, ओळ संपायच्या आत. मग ती थांबली.

‘सर, झरी म्हणजे आपलीच झरी का?’

सरांनी मान हलवली, पेनाचं टोपण काढलं आणि ‘झरी’च्या आधी, दोन शब्दांमधल्या अरुंद जागेत, बारीक अक्षरात लिहिलं: तलासरीजवळच्या.