अकरा त्रिक तेहतीस

"स्पेशल होयी काय शेअरिंग?"

मालवणच्या जेटीवर पाऊल ठेवलं की पहिला प्रश्न हाच. शेअरिंग म्हणजे माणशी पैसे द्यायचे, बोट भरेपर्यंत उन्हात थांबायचं आणि सगळ्यांबरोबर जाऊन सगळ्यांबरोबर परतायचं. स्पेशल म्हणजे अख्खी बोट तुमची. बंदर बघा, किल्ल्याला वळसा घाला, पुढे एखाद्या वाळूवर उतरून दोन तास पाण्यात डुंबा. कोकणात येणारी कुटुंबं हल्ली स्पेशलच मागतात, आणि पर्यटन विशेषांकासाठी संपादकांना याच प्रकारावर लेख हवा होता. बहिणीचं कुटुंब पुण्याहून येणारच होतं. लहानमोठी मिळून आम्ही सहा जणं माघातल्या शुद्ध एकादशीला मालवणात होतो.

बंदराचा इतिहास पाटीवर वाचायला मिळतो. कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी 25 नोव्हेंबर 1664 ची. त्यासाठी मुहूर्ताची पूजा झाली तो मोरयाचा धोंडा आजही किनाऱ्यावर आहे. 1667 मध्ये किल्ला उभा राहिला. 1765 मध्ये इंग्रजांनी तो घेऊन त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं. ते नाव टिकलं नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद झाली, त्यात सिंधुदुर्ग आहे. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हता तो आमचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा.

साठीच्या पुढचा माणूस. आदल्या संध्याकाळी फोनवर बोलणं झालं तेव्हा मी नेहमीप्रमाणे विचारलं, "दहा वाजता निघू या का?" पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग पुटपुटणं ऐकू आलं, "अकरा त्रिक तेहतीस... सव्वाआठ." आणि मग उत्तर, "साडेसहाक येवा. उशीर नको."

या पुटपुटण्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला, आणि तेव्हापासून तो डोक्यातून गेलेला नाही. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे. तिथीला तीनने गुणायचं, आलेल्या आकड्याला चारने भागायचं. एकादशीला अकरा त्रिक तेहतीस, त्याचा चौथा भाग सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमाराला पूर्ण भरती, रात्रीही तशीच. अष्टमीला चोवीसाचा चौथा भाग सहा. पुनवेला आणि अवसेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि त्याच्या मागोमाग पाणीही तेवढंच मागे सरकतं, ते या पाऊणपटीत बसवलेलं आहे. हिशेब अगदी घड्याळाबरहुकूम उतरत नाही, थोडं इकडेतिकडे होतं. पण भिंतीवरचं कॅलेंडर आणि शाळेतले पाढे एवढ्या भांडवलावर माणूस महिनाभराचं पाणी आधीच सांगू शकतो. भरती-ओहोटीची छापील कोष्टकं मिळतात, मोबाइलवरही दिसतात. तांडेलाच्या मुलाच्या मोबाइलवर ती आहेत. तांडेल मात्र अजून बोटांची पेरं मोजतो, आणि मुलगा मोबाइलवर बघून मान डोलावतो.

आम्ही जेटीवर पोहोचलो ते नऊ वाजता. मुलं उठली नाहीत, न्याहारी लांबली, जी कारणं घरोघरी असतात तीच. तांडेल बोटीत बसून होता. रागावला नाही. पाण्याकडे हात करून एवढंच म्हणाला, "पाणी थांबणा नाय, ताई." जेटीच्या पायऱ्यांवर ओल्या शेवाळाची एक पट्टी उघडी पडली होती. पाणी उतरायला लागलं होतं.

बोट फायबरची, वर कापडी छप्पर, मागे वरामाला बाहेरून लटकवलेलं मशीन. दोन झटक्यांत दोरी ओढली, मशीन सुरू झालं, आणि तांडेलाने पहिल्यांदा मान वळवून मागे पाहिलं. मशीनच्या कुशीतून करंगळीएवढी पाण्याची धार पडत होती. ती बघितल्यावरच त्याने बोट वळवली. पुढच्या दोन तासांत तो किती वेळा मागे वळला, मी मोजलं नाही, पण बोलता बोलता, खडक दाखवता दाखवता, दर दोन-चार मिनिटांनी त्याची नजर त्या धारेवर जाऊन यायची.

मी विचारलं तेव्हा त्याने समजावून सांगितलं. मशीन समुद्राचंच पाणी पिऊन स्वतःला थंड ठेवतं. पाण्यात बुडालेल्या पायात एक रबरी चकती फिरत असते. ती खालून पाणी खेचते, वर ढकलते, ते तापलेल्या इंजिनाभोवती फिरून परत बाहेर पडतं. त्यातलीच एक शाखा म्हणजे ही धार. ती बारीक झाली किंवा थांबली तर समजायचं, तोंडाशी प्लॅस्टिकची पिशवी चिकटली आहे किंवा रबर झिजलं आहे. तेव्हा मशीन लगेच बंद करायचं, नाहीतर ते आतल्या आत जळून जातं. रबराचा खरा शत्रू वाळू. उथळ पाण्यात पंखा तळाजवळ फिरला की वाळू वर येते, पाण्याबरोबर आत जाते आणि चकतीची पाती कुरतडते. जिथे पर्यटकांना उतरायचं असतं तिथे नेमकं उथळच असतं, म्हणून तांडेल शेवटचे वीस-पंचवीस हात मशीन वर उचलून बांबूने बोट रेटत नेतो. "धार पडता तवसर मशीनीक मरण नाय," तो म्हणाला. हजारो रुपयांच्या मशीनची तब्येत करंगळीएवढ्या धारेवर ओळखायची ही रीत मला फार आवडली.

किल्ला पाण्यावरून पाहण्यासारखा आहे. होडीने थेट दरवाजात उतरणाऱ्याला आतली देवळं दिसतात, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर दिसतं, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी दिसतात. पण हा किल्ला कुणासाठी बांधला होता ते कळायला शत्रूच्या जागी जाऊन बसावं लागतं, म्हणजे समुद्रात. पश्चिमेकडून गेलं की तटाची भिंत नागमोडी वळत जाते, बुरुजामागून बुरुज पुढे येतो आणि दरवाजा कुठेच सापडत नाही. सुमारे 48 एकरांच्या बेटाला तीन किलोमीटरचा तट, आणि आत शिरायची वाट जवळ गेल्याखेरीज दिसत नाही. शिवाय तटाच्या आधीच खडकांची रांग. काही पाण्याबाहेर, बरेचसे पाण्याखाली. आमचा तांडेल त्यांच्यामधून बोट अशी नेत होता, जशी आपण अंधारात स्वतःच्या घरातून चालतो. पाण्याचा रंग बदलला, कुठे नुसतंच फेसाचं वर्तुळ उमटलं, की सुकाणूवरचा हात आपोआप वळायचा. साडेतीनशे वर्षांपूर्वी परक्या जहाजांना हेच जमत नव्हतं.

एका जागी मुलांना पाण्यात डोकावून प्रवाळ बघायचं होतं. तांडेलाने नांगर खडकावर टाकला नाही. थोडं लांब जाऊन, पांढरी वाळू दिसेल अशा जागी टाकला. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. नांगराचा एक फाळ घासला तरी कित्येक वर्षांचं प्रवाळ तुटतं. सगळे तांडेल एवढी काळजी घेतात असं नाही. त्या सकाळी शेजारची एक बोट सरळ खडकावर नांगर टाकून उभी होती आणि तिच्यातली माणसं प्रवाळाच्या डोक्यावर पाय ठेवून फोटो काढत होती. मला ते पाहवेना.

तिथून दक्षिणेला निघालो. तारकर्लीचा किनारा डाव्या हाताला लांबवर पसरत जातो, माडांची हिरवी रेघ आणि तिच्याखाली वाळूची पांढरी रेघ. पुढे देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते. पलीकडचं भोगवे वेंगुर्ले तालुक्यात. नदीच्या मुखाच्या आत वाळूचं एक बेट ओहोटीला वर येतं. त्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, 2004 च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं सांगतात. आम्हाला तिथे उतरायचं होतं. सकाळी बंदर, दुपारी वाळू, एकाच बोटीने. स्पेशल घेतली ती त्यासाठीच.

मुखापासून बऱ्याच अंतरावर तांडेलाने मशीन मंद केलं. उभा राहिला. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून दोन-तीन मिनिटं नुसता बघत राहिला. मला काहीच वावगं दिसत नव्हतं, ऊन लख्ख होतं, समुद्र निळा होता. मग त्याने बोट दाखवलं. "लाट उभी रवता, बगा."

मुखाच्या तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा आहे. पावणेअकरा वाजले होते, ओहोटी निम्म्यावर आलेली. नदीचं आणि आत भरलेलं भरतीचं पाणी जोराने बाहेर पडत होतं आणि समोरून समुद्राची लाट येत होती. दोघं त्या उथळावर भिडले की लाट आडवी पसरत नाही, ताठ उभी राहते आणि फुटते. छोट्या बोटीचं तोंड जरा तिरकं झालं, तर अशी लाट तिला कुशीवर पाडते. त्यातच उथळावर मशीनने वाळू ओढली आणि ते बंद पडलं तर बोट कुणाच्याच हातात राहत नाही.

बहिणीच्या यजमानांनी आग्रह धरला. एवढे पैसे दिलेत, समोर दिसतंय, दुसऱ्या बोटी तर जाताहेत. खरंच एक बोट उसळ्या घेत आत गेलीही. तांडेल शांतपणे म्हणाला, "पैशे परत घेवा, पण आज ह्या पाण्यात बोट घालूचंय नाय." आणि त्याने बोट मालवणकडे वळवली. जेटीवर उतरल्यावर पुढच्या अर्ध्या फेरीचे पैसे त्याने खरोखर मोजून परत केले.

परतीच्या वाटेवर मला साडेसहाचा अर्थ लागला. भरतीचं पाणी चढत असताना नदी आणि समुद्र एकाच दिशेने वाहतात, मुखावर खोली असते, लाट मऊ असते. साडेसहाला निघालो असतो, तर किल्ल्याला वळसा घालून आठच्या सुमाराला, भरलेल्या पाण्यावर, आत शिरलो असतो. पण तेव्हा बेट पाण्याखाली. ते मोकळं व्हायला दुपार उजाडावी लागते, आणि तोवर बाहेर पडायची वाट बिघडलेली असते. बेट हवं तर ओहोटी हवी, वाट हवी तर भरती हवी. म्हणून त्याचा बेत असा होता की सकाळी आत जायचं, नदीत माडांच्या सावलीत जेवायचं, दोन-अडीचला वाळूवर उतरायचं, आणि आम्हाला देवबागच्या नदीकडच्या धक्क्यावर सोडून त्याने एकट्याने संध्याकाळच्या चढत्या पाण्यावर बाहेर पडायचं. फोनवर त्याने फक्त एक वेळ सांगितली होती. एवढा सगळा दिवस त्या एका वेळेत होता.

आम्ही रिक्षा करून देवबागला गेलो आणि नदीकडून दुसऱ्या बोटीने बेटावर पोहोचलो. आतून जायला मुख ओलांडावं लागत नाही. अडीचला वाळू पूर्ण उघडी होती. मुलांनी घोट्याएवढ्या पाण्यात दोन तास धिंगाणा घातला, त्यांचा दिवस सोन्याचा झाला. मला मात्र तिथे चैन पडेना. इवल्याशा वाळूवर टपऱ्या, स्कूटरसारख्या पाण्यातल्या गाड्यांचे आवाज, पोहणाऱ्यांच्या अगदी जवळून जाणाऱ्या बोटी. आमच्या या दुसऱ्या बोटीत लाइफ जॅकेटं होती, पण बाकाखाली गाठोडं करून ठेवलेली. मागितल्यावर मिळाली, त्यातल्या दोन जॅकेटांचे बंद तुटलेले. मशीनच्या मुठीजवळ एक लाल दोरी असते. ती चालवणाऱ्याने मनगटाला अडकवायची, म्हणजे तो पाण्यात पडला तर मशीन आपोआप बंद होतं आणि फिरता पंखा कुणाच्या अंगावर जात नाही. इथे ती दोरी नुसती लोंबत होती. मालवणच्या तांडेलाच्या मनगटावर ती सकाळभर होती, हे मला तेव्हा आठवलं.

मे 2022 मध्ये याच तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि माणसं गेली. कायदे आहेत. प्रवासी बोटीची नोंदणी होते, ती किती माणसं नेऊ शकते हे ठरवून दिलेलं असतं, मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत वाहतूक बंद असते. पण निम्म्या ओहोटीला मुखावर बोट घालायची की नाही, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. ते तांडेलाने तिथल्या तिथे ठरवायचं असतं, आणि त्याच वेळी बोटीतले सहा-आठ जण त्याला घाई करत असतात. हंगाम जेमतेम आठ-नऊ महिन्यांचा. एक फेरी बुडाली तर ती बुडालीच. नाही म्हणणाऱ्याचं नुकसान रोख असतं. हो म्हणून सुखरूप परतलेल्याला मात्र पूर्ण पैसे मिळतात, आणि पुढच्या वेळी लोक त्यालाच बोलावतात. आमच्या तांडेलाची मला काळजी वाटते ती इथे.

देवबागची पट्टीही पूर्वीची राहिलेली नाही. समुद्राच्या बाजूने धूप चालू आहे, जागोजागी दगडांचे बंधारे घातले आहेत. मुखातली वाळू दर पावसाळ्यात हलते. गेल्या वर्षीची वाट यंदा तिथेच असेल असं नाही, त्यामुळे नारळी पुनवेनंतर समुद्र शांत झाला की जुने तांडेल आधी रिकामी बोट घेऊन मुखाशी जातात, बांबू बुडवून खोली मोजतात आणि मग माणसं बसवतात. मुलगा अजून या मोजणीला बरोबर जातो, असं तांडेलाने सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं.

तुम्ही मालवणला जाणार असाल आणि स्पेशल बोट घेणार असाल, तर बसण्याआधी लाइफ जॅकेट अंगात घाला, बंद ओढून बघा, किती माणसांची परवानगी आहे ते विचारा. मुखाजवळ तांडेल नको म्हणाला तर वाद घालू नका. आणि जाण्याच्या आदल्या दिवशी कॅलेंडरवर तिथी बघा, तिला तीनने गुणा, चारने भागा. मग तो साडेसहाला का बोलावतो आहे ते कळेल, आणि साडेसहालाच जेटीवर पोहोचा.