रस्ता संपत येतो तेव्हा

आफ्रिका खंड मोटारसायकलवरून पार करणाऱ्यांच्या हकिगती आपण वाचतो त्या बहुधा सहारासाठी, कांगोतल्या चिखलासाठी, सीमेवरच्या हुज्जतींसाठी. केप टाउन जवळ आलं की पानं भराभर उलटतात. लिहिणाराही घाईत असतो आणि वाचणाराही. माझं मत असं की शेवटचे हे दोन-तीन आठवडे नीट अभ्यासायला हवेत. वाट सोपी होत जाते, माणूस सैलावतो, आणि नेमकी त्याच वेळी गाडी, कागदपत्रं आणि शरीर अशी तिन्ही थकलेली असतात. सोबत कुणी असतं तर त्याने टोकलं असतं. एकट्याला ते कामही स्वतःच करावं लागतं.

या वाटेचा इतिहास जुना आहे. थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन या दोन इंग्रज तरुणी ११ डिसेंबर १९३४ रोजी लंडनहून निघाल्या. त्यांच्याकडे ६०० सीसीची पँथर होती, तिला साइडकार आणि मागे ट्रेलर. सहारात इंजिन निकामी झालं. आगादेझला ते पुरतं खोलून पुन्हा बांधावं लागलं. २९ जुलै १९३५ रोजी त्या केप टाउनला पोचल्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, पावसाच्या दिवसांत. त्या दोघी होत्या, निदान गाडी ढकलायला चार हात होते. टेड सायमन एकटा होता. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी, अरब-इस्रायल युद्धाला तोंड फुटलं त्याच दिवशी, तो ५०० सीसीच्या ट्रायम्फवर लंडनहून निघाला आणि ट्युनिशियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत खंड उतरला. त्याच्यासाठी आफ्रिका हा चार वर्षांच्या पृथ्वीप्रदक्षिणेचा पहिलाच टप्पा होता, म्हणून केपला पोचल्यावरही त्याला सावध राहणं भागच होतं. लोइस प्राइस २००६ मध्ये २५० सीसीची यामाहा घेऊन अल्जीरिया, दोन्ही कांगो, अंगोला असं करत एकटीने केपला गेली. तिच्यासारख्यांचा प्रवास मात्र केपलाच संपतो. खरी परीक्षा अशांचीच असते.

ओशिकांगोचा नाका

पश्चिमेच्या वाटेने येणारा अंगोलातल्या सांता क्लारा नाक्यावरून नामिबियातल्या ओशिकांगोत शिरतो. मोरोक्कोपासून अंगोलापर्यंत सगळी वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, इथे ती डावीकडे येते. पूर्वेच्या वाटेवर हाच बदल इथिओपिया ओलांडून केनियात शिरताना, मोयालेला होतो. आपल्याकडच्या चालकाला वाटतं, डावी बाजू तर आपल्या घरचीच. पण कित्येक महिने उजवीकडून चालवून हाताला आणि नजरेला तेच वळण पडलेलं असतं. भर रहदारीत चूक होत नाही, कारण पुढची गाडी वाट दाखवते. चूक होते ती सकाळी पेट्रोल पंपावरून रिकाम्या रस्त्यावर येताना.

उत्तर नामिबियात रस्ता चांगला, सरळ आणि डांबरी आहे. त्यावर गुरं, शेळ्या, गाढवं मोकळी फिरतात. पुढे ओशिवेलोला पशुवैद्यकीय तपासणीचं फाटक लागतं. १८९६ मध्ये गुरांची बुळकांडी रोखण्यासाठी जर्मन अंमलात जी सीमारेषा आखली गेली, तिचा हा वारसा. आजही कच्चं मांस या रेषेच्या दक्षिणेला नेता येत नाही, त्यासाठी सामान उघडून पाहतात. रेषेच्या खाली मोठमोठी कुंपणबंद शेतं सुरू होतात. कुंपणं दिसली की गुरांची धास्ती संपते आणि वेग आपसूक वाढतो. पण कुडू हे मोठं हरीण कुंपण सहज ओलांडतं आणि त्याची हालचाल असते तिन्हीसांजेला. सूर्य मावळायच्या आत मुक्काम गाठायचा, हा नियम आधीच्या देशांत पाळणारा माणूस इथे तो मोडतो, कारण रस्ता उत्तम असतो आणि गाव फक्त साठ किलोमीटरवर असतं.

खडीच्या वळ्या

वॉल्व्हिस बेहून सॉलिटेअरकडे जाणारा सी-१४ हा रस्ता बराचसा खडीचा आहे. क्विसेब घाट आणि मकरवृत्ताची पाटी याच रस्त्यावर. इथे जमिनीवर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडलेल्या असतात. या वळ्या का पडतात, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पदार्थविज्ञानाच्या अभ्यासात दाखवलं गेलं. वाळू पसरलेल्या फिरत्या पृष्ठभागावरून चाक ठरावीक वेगापेक्षा जोरात गेलं की ते उसळू लागतं, आणि प्रत्येक उसळीगणिक वाळूची वळी वाढत जाते. वाहनाला स्प्रिंग असो वा नसो, वळ्या पडतातच. ग्रेडरने रस्ता सपाट केला तरी वाहनं धावू लागली की त्या पुन्हा उमटतात.

मोटारसायकलला या वळ्या पोखरतात. टायरची हवा थोडी कमी करायची, फूटरेस्टवर उभं राहायचं, हँडल सैल हाताने धरायचं आणि गाडीला तिची वाट काढू द्यायची, हे तंत्र इथवर आलेल्याला पाठ असतं. राहून जातं ते संध्याकाळचं काम. दिवसभराच्या थरथरीने पॅनिअरच्या फ्रेमचे बोल्ट ढिले होतात, चेन सैल पडते, स्प्रॉकेटचे दात घासून आकड्यासारखे वाकतात. हजारो किलोमीटर रोज पाना घेऊन गाडीभोवती फिरणारा माणूस ‘आता चारच दिवस’ म्हणून पाना बाहेर काढत नाही. डांबर लागल्यावर टायरमध्ये पुन्हा हवा भरायची, तीही विसरते. मग कमी हवेचा टायर डांबरावर तापतो, आणि झिजलेला असला तर तो धोका आणखी वाढतो.

नदी ओलांडल्यावर

नूर्दुवरला ऑरेंज नदी ओलांडली की दक्षिण आफ्रिका सुरू होते. व्हियूल्सड्रिफच्या नाक्यापासून केप टाउन सुमारे सातशे किलोमीटर. एन-७ महामार्ग स्प्रिंगबोक, क्लॅनविल्यम, माम्सबरी असा थेट खाली उतरतो. ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस चांगला झालेला असेल तर नामाक्वालँडचा हा ओसाड माळ केशरी-पिवळ्या रानफुलांनी भरून जातो. पुढे १,०८६ मीटर उंचीचा टेबल माउंटन दिसू लागतो. सातशे किलोमीटर एका दमात मारायचा मोह इथेच होतो. तो मोह आवरून हा पल्ला दोन दिवसांत विभागावा, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. आडवा वारा सुटला की सामानाने लादलेली गाडी तासन् तास कलती धरावी लागते, आणि तेवढी ताकद थकलेल्या खांद्यांत उरलेली नसते.

केप टाउन हे खंडाचं टोक नाही, केप ऑफ गुड होपही नाही. खरं दक्षिण टोक केप ऑफ गुड होपच्या आग्नेयेला सुमारे दीडशे किलोमीटरवर, केप अगुल्हास. केप टाउनहून एन-२ ने सर लोरी घाट चढून, कॅलेडन आणि ब्रेडासडॉर्पमार्गे जेमतेम अर्ध्या दिवसाची वाट. तिथे १८४९ पासूनचं दीपगृह आहे, आणि खडकांवर हिंदी व अटलांटिक महासागरांची सीमा सांगणारा दगडी फलक. प्रत्येकाचा फोटो इथेच निघतो.

शिक्का आणि पेटारा

फोटो निघाला तरी प्रवास कागदावर चालूच असतो. मोटारसायकल तात्पुरती परदेशी नेताना कार्ने द पासाज हे सीमाशुल्काचं हमीपुस्तक लागतं. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ते देत आली आहे. त्याची मुदत एक वर्ष. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. गाडी देशात शिरताना एक भाग अधिकारी फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि पुस्तकात उरलेल्या तिसऱ्या भागावर दोन्ही शिक्के उमटलेले असावे लागतात. नामिबिया, बोट्सवाना, दक्षिण आफ्रिका, लेसोथो आणि एस्वातिनी यांचा एकच सीमाशुल्क संघ आहे, म्हणून या पाच देशांना एकच पान चालतं. साहजिकच ओशिकांगोला उघडलेलं पान केप टाउनच्या बंदरात बंद होतं. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला तर गाडी तिथेच विकली असं गृहीत धरून शुल्काची मागणी येऊ शकते, आणि घरी ठेवलेली अनामत किंवा बँकहमी अडकते.

गाडी जहाजाने घरी धाडायचं बंदरातलं काम सावकाशीचं असतं. भाडं आकारमानावर ठरतं, म्हणून पुढचं चाक काढून, हँडल खाली वळवून गाडी लाकडी पेटाऱ्यात बसवतात. टाकी जवळजवळ रिकामी करतात, बॅटरीच्या तारा सोडवतात. अधिकारी येतो तो चेसिस क्रमांक वाचायला. हँडलखालच्या लोखंडावर ठोकलेला तो क्रमांक चिखल आणि ग्रीसने बुजलेला असतो. पेट्रोलच्या फडक्याने एकेक आकडा पुसून दाखवावा लागतो, आणि तो पुस्तकातल्या आकड्याशी तंतोतंत जुळला की मगच शिक्का पडतो.

माणसाचेही कागद असतात. पीतज्वराचा प्रादुर्भाव असलेल्या देशांतून आलेल्याला दक्षिण आफ्रिका लसीचा दाखला मागते. भारत तर याबाबत फारच काटेकोर आहे. दाखला नसेल तर विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. २०१६ पासून हा दाखला आयुष्यभर ग्राह्य धरतात, तेव्हा दाखल्याचं हे पिवळं पुस्तक पासपोर्टइतकंच जपायला हवं.

महाराष्ट्रातूनही आता तरुण मुलं-मुली एकट्याने लांबच्या वाटा धरू लागली आहेत. त्यांचा मला मनापासून अभिमान वाटतो, आणि म्हणूनच हे सांगणं. बेत आखताना शेवटची खूण अगुल्हासला करू नका, ती न्हावा शेव्याला करा. गाडी परत आल्याची नोंद तिथल्या सीमाशुल्क कार्यालयात होते, तेव्हाच हमी मोकळी होते. जहाजभाडं निघतानाच बाजूला ठेवा. चांगले टायर आणि नवी चेन नामिबियाच्या आधी चढवा. केप टाउनमध्ये किमान आठवडाभर हाताशी राहू द्या, कार्नेची मुदत त्या हिशेबाने मोजा. सहारा पार करायला धाडस लागतं, आणि ते या मुलांकडे भरपूर आहे. शेवटच्या आठवड्यात मात्र शिस्त लागते. ती निघण्याआधीच अंगी बाणवलेली असेल, तर गाडी आणि माणूस दोघंही धड घरी येतात.