शेगडी बदलताना रूपापेक्षा धातू पाहा

गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत गॅसची शेगडी गंजू लागते ती प्रथम तळाच्या पत्र्याकडून. त्यामुळे नवी शेगडी निवडताना रूपापेक्षा धातू महत्त्वाचा. ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील महाग असले, तरी २०२ प्रतीपेक्षा गंजाला अधिक काळ दाद देत नाही. काचेचा पृष्ठभाग पुसायला सोपा असतो. मात्र जड भांडे आपटल्यास तो फुटू शकतो.

दोन-तीन माणसांच्या घराला दोन बर्नर पुरतात. ते पितळी, वजनदार आणि सहज सुटे होणारे असावेत. शेगडीवर आयएसआय चिन्ह व ‘आयएस ४२४६’ हा क्रमांक आहे ना, हे तपासावे. या मानकानुसार किमान ६८ टक्के औष्णिक कार्यक्षमता आवश्यक असते. घरात नळाने गॅस येत असेल, तर त्यासाठीचीच शेगडी घ्यावी. दोन्ही वायूंसाठी जेटचे छिद्र वेगवेगळ्या मापाचे असते.

ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडू लागली, तर आधी बर्नर व जेट स्वच्छ करून पाहावे. बटणापाशी गॅसचा वास येत असेल, तर मात्र रेग्युलेटर तत्काळ बंद करावा. नव्या शेगडीला जुनी नळी जोडू नये. सुरक्षा नळीही दर ५ वर्षांनी बदलावी लागते.