दुसऱ्याच्या हक्कासाठी

पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे जाणारा रस्ता पौड आणि माले या गावांवरून जातो. पुढे मुळशी धरणाचे विस्तीर्ण पाणी दिसू लागते. या धरणात आपल्या जमिनी बुडू नयेत म्हणून १९२१ साली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. धरण झालेच, पण आपल्या हक्कासाठी उभे राहणाऱ्या या माणसांना महाराष्ट्र विसरला नाही.

‘हक्क’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूतला ‘हक’ तो हाच. आपला हक्क मागणे कठीण असते. दुसऱ्याच्या हक्कासाठी बोलणे तर त्याहून कठीण!

याच मुळशी तालुक्यात पौडजवळच्या एका टेकडीवर १९९७ साली महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले. अनेक देशांतील मुलेमुली तिथे एकत्र राहतात व शिकतात. अशा कॉलेजांची कल्पना कुर्त हान या जर्मन शिक्षकाची. १९३२ साली हिटलरच्या अनुयायांनी एका माणसाला त्याच्या आईदेखत ठार मारले. हिटलरने मारेकऱ्यांची बाजू घेतली. तेव्हा हान यांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहून कळवले, की हिटलर किंवा आपली शाळा, दोहोंपैकी एकाचीच निवड करा. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. सुटका झाल्यावर त्यांना देश सोडावा लागला.

पुढे हिटलरच्या राजवटीत सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले. एखाद्या जमातीचा, वंशाचा किंवा धर्माच्या लोकांचा समूळ नाश करण्याच्या या गुन्ह्याला वंशसंहार म्हणतात. हा गुन्हा ठरवावा, असा ठराव १९४६ साली संयुक्त राष्ट्रांपुढे आला. तो मांडणाऱ्या तीन देशांत भारत होता. क्यूबा आणि पनामा हे इतर दोन देश. ९ डिसेंबर १९४८ रोजी वंशसंहाराविरुद्धचा करार मंजूर झाला.

करार झाला, तरी कत्तली थांबल्या नाहीत. १९९४ साली आफ्रिकेतील रवांडा देशात सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. त्यांतील बहुतेक तुत्सी जमातीची होती. हे अचानक घडले काय? नाही. आधी रेडिओवरून तुत्सींना ‘झुरळे’ म्हटले जात होते. ओळखपत्रांवर प्रत्येकाची जमात लिहिलेली होती. शस्त्रे गोळा केली जात होती. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख जनरल दालेर यांनी जानेवारीतच धोक्याची सूचना पाठवली होती. तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. उलट कत्तल सुरू झाल्यावर, एप्रिल महिन्यात, शांतिसेनेतील सैनिकांची संख्या २७० पर्यंत कमी करण्याचे ठरले!

म्हणजे आग लागण्यापूर्वी धूर दिसत असतो. तो ओळखायला शिकणे, हेच अशा घटना टाळण्याचे पहिले पाऊल आहे. त्यासाठी जगात ठिकठिकाणी विद्यार्थ्यांच्या परिषदा भरतात. तिथे मुले पूर्वीच्या घटनांचा अभ्यास करतात. त्यांतून वाचलेल्या माणसांचे अनुभव ऐकतात. बातमी खरी की अफवा, हे कसे तपासावे, ते शिकतात. लोकप्रतिनिधींना पत्र कसे लिहावे, आपले म्हणणे शांतपणे कसे मांडावे, याचाही सराव करतात.

“आमच्यासारख्या मुलांच्या बोलण्याने काय होणार?” असे तुम्हांला वाटेल. एकट्या मुलाच्या पत्राने युद्ध थांबत नाही, हे खरे आहे. पण ज्याच्याविषयी वाईट बोलले जाते, त्याला आपण एकटे नाही हे कळते. बोलणाऱ्यालाही, सारेच आपल्या बाजूचे नाहीत, हे समजते.

आपल्या महाराष्ट्राने याहून अधिकही केले आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सरकारने अनेक पोलिश कुटुंबांना घरादारांतून उचलून दूर सायबेरियाकडे पाठवले होते. त्यांतील सुमारे पाच हजार स्त्रिया, मुले व वृद्ध १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. त्यांची भाषा वेगळी, धर्म वेगळा, चालीरीती वेगळ्या. तरीही त्यांना इथे आसरा मिळाला. मुलांसाठी शाळा निघाल्या.

मुलांनो, वंशसंहाराची सुरुवात तलवारीने होत नाही. ती शब्दाने होते. ‘ते लोक तसलेच’ या एका वाक्याने होते. असे वाक्य वर्गात, बसमध्ये किंवा घरी कानांवर आले, तर थोडे थांबा. ‘ते लोक म्हणजे नक्की कोण? तुम्ही त्यांतल्या कितीजणांना ओळखता?’ एवढेच नम्रपणे विचारा. हा प्रश्न विचारायला परिषदेला जावे लागत नाही. थोडे धैर्य मात्र लागते.