खेळून पोट भरते काय?

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझा धाकटा भाऊ बेंगळुरूला आतेभावाकडे गेला आणि येताना त्याचा जुना स्केटबोर्ड घेऊन आला. तेव्हापासून आमच्या गल्लीतली दुपारची झोप संपली. कॉंक्रीटच्या रस्त्यावर चाकांचा खडखडाट, मध्येच धप्प असा आवाज, आणि पाठोपाठ आईची हाक. जुलैत त्याचे मनगट दुखावले. प्लास्टर घालून घरी आणले, त्या रात्री जेवताना बाबांनी त्याला काही न म्हणता मलाच विचारले, "तू कॉमर्सला हैस न्हवं? मग हिशेब मांडून सांग मला. असलं खेळून पोट भरतंय काय?"

बाबा तीस वर्षे एका आडत दुकानात जमाखर्च लिहितात. त्यांना तोंडी उत्तर देऊन भागत नाही. कागद पुढे ठेवावा लागतो. भाऊ यंदा एस. एस. एल. सी.ला बसणार, आणि त्याच्या डोक्यात मात्र एकच नाव होते, टोनी हॉक. तेव्हा त्या माणसाचाच हिशेब मांडावयाचे मी ठरविले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या कागदाचाच विस्तार आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. स्केटबोर्ड म्हणजे मेपलच्या लाकडाचे सात पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेली फळी. तिच्या खाली दोन धातूचे आस आणि चार चाके. वर पाय घसरू नये म्हणून सॅंडपेपरासारखा खरखरीत कागद. पायाला काही बांधलेले नसते, आणि रोलर स्केटिंगहून हा खेळ वेगळा ठरतो तो येथेच. फळी पायाखाली ठेवावयाची ती केवळ तोल आणि वेग यांच्या बळावर. कॅलिफोर्नियात समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या मुलांनी, लाटा नसतील त्या दिवशी रस्त्यावर खेळता यावे म्हणून १९५० च्या सुमारास हा खेळ सुरू केला. १९७० नंतर पॉलियुरेथेनची चाके आली आणि फळीला रस्त्यावर खरी पकड मिळाली. पुढे तेथे दुष्काळ पडला, घराघरांतले पोहण्याचे हौद कोरडे पडले, आणि त्या हौदांच्या गोलाकार भिंतींवर मुले फळ्या चढवू लागली. आमच्याकडे दुष्काळात विहिरी आटतात तेव्हा कोणाला खेळ सुचत नाही. पण ज्याचे त्याचे नशीब!

टोनी हॉकचा जन्म १२ मे १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे झाला. त्या वेळी त्याच्या आईवडिलांनी चाळिशी ओलांडली होती. मुलगा हट्टी, चिडका, हरला की स्वतःवरच रागावणारा. तो नऊ वर्षांचा असताना थोरल्या भावाने आपला निळा, फायबरग्लासचा जुना स्केटबोर्ड त्याला दिला. मुलगा इतका किडकिडीत होता की गुडघ्यांवर कोपरांची संरक्षक आवरणे बांधावी लागत. हवेत उडताना हाताने फळी पकडून खेचण्याइतके वजन आणि जोर त्याच्यापाशी नव्हता. म्हणून आधी पायांनीच फळी उडवून मग पकडण्याची रीत त्याने बसविली. काहींनी त्याला सर्कसवाला म्हणून हिणविले. पुढे त्याच रीतीने बहुतेक जण खेळू लागले.

येथे वडिलांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विम्याचे हप्ते परवडेनात म्हणून १९८० च्या आगेमागे अमेरिकेतली बहुतेक स्केटपार्क बंद पडली. कोणी पडले, मोडले, तर भरपाई मालकाने द्यावयाची. मग पार्क चालविणार कोण? अशा पडत्या काळात टोनीचे वडील फ्रॅंक हॉक यांनी हौशी मुलांच्या स्पर्धांसाठी कॅलिफोर्नियात एक संघटना काढली, आणि १९८३ मध्ये राष्ट्रीय पातळीवरची संघटना उभी केली. ते स्वतः स्केटबोर्ड खेळत नव्हते. मुलाला हवे ते मैदान नाही, तर आपण मैदान उभे करू, एवढेच त्यांनी पाहिले. याचा मुलाला त्रासही झाला. संघटना बापाची, मग मुलगा जिंकणारच, असे बरोबरीचे खेळाडू बोलत. त्या बोलण्याला त्याला उत्तर देता आले ते फक्त उतारावर.

१९८२ मध्ये, चौदाव्या वर्षी, टोनीने स्पर्धेच्या नोंदणीच्या कागदावर 'व्यावसायिक' या चौकटीत खूण केली. एवढ्याने तो धंदेवाईक खेळाडू झाला. पण मिळकत कोठून येते? हा प्रश्न वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. मिळकतीच्या तीन वाटा दिसतात. पहिली, स्पर्धेतील बक्षीस. दुसरी, गावोगावी केलेली प्रात्यक्षिके. तिसरी वाट म्हणजे स्वामित्वशुल्क, ज्याला सर्वजण रॉयल्टी म्हणतात. कंपनी खेळाडूच्या नावाची आणि त्याच्या चित्राची फळी बाजारात आणते, आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक फळीमागे त्याला ठराविक रक्कम मिळते. पॉवेल पेराल्टा या कंपनीने टोनीला आपल्या चमूत घेतले होते. त्याची रॉयल्टीची पहिली रक्कम पूर्ण एक डॉलरसुद्धा भरली नाही.

हे वाचताना मला माझ्या मामाची आठवण झाली. मामा तालमीतला पैलवान. जत्रांच्या मैदानांत त्याने पुष्कळ कुस्त्या मारल्या. फेटे बांधून घेतले, इनामे घेतली. आज तो चार म्हशी ठेवून दूध घालतो. कुस्तीचे इनाम मैदानात मिळते आणि खुराकात संपते. मामाच्या नावाने कोणी काही विकले नाही, विकले असते तरी त्याला कोणी विचारले नसते. कष्टात मामा कोठे कमी होता? शरीर थकल्यावरही कमाई देईल असा हक्क मात्र त्याच्या नावावर कधी झाला नाही. टोनीचा हिशेब मामाच्या हिशेबापासून वेगळा होतो तो या एका रकान्यात.

१९८० नंतरच्या दशकात खेळाला पुन्हा भरती आली. टोनीने यू अक्षराच्या आकाराच्या उंच लाकडी उतारावर एकामागून एक स्पर्धा जिंकल्या. पंचविशीपर्यंत खेळलेल्या १०३ व्यावसायिक स्पर्धांपैकी ७३ त्याने जिंकल्या, असे त्याच्या कारकिर्दीच्या नोंदीत सांगितले जाते. शाळेत असतानाच, सतराव्या वर्षी, त्याने स्वतःचे घर विकत घेतले. बाबांना हे वाक्य वाचून दाखविले, तेव्हा त्यांनी फक्त "फुडं?" एवढेच विचारले.

पुढे ओहोटी लागली. १९९१ च्या सुमारास अमेरिकेत मंदी आली आणि त्याच वेळी खेळाची तऱ्हाही बदलली. मुले रस्त्यावरच्या पायऱ्यांवर आणि कठड्यांवर खेळू लागली. उंच उताराला कोणी विचारीना. टोनीच्या नावाच्या फळ्यांचा खप कोसळला. घरात पत्नीने त्याला खाण्यासाठी दिवसाला पाच डॉलरचा भत्ता बांधून दिला, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. जगज्जेता म्हणविणारा माणूस मोटारी लावण्याच्या मोकळ्या जागेत मूठभर लोकांपुढे प्रात्यक्षिके करीत हिंडत होता.

या ठिकाणी मला आपल्या दोन भाषांमधला एक शब्द उपयोगी पडला. मराठीत आपण नफा-तोटा म्हणतो. कन्नडमध्ये लाभ-नष्ट म्हणतात. माझ्या कन्नड मित्राने प्रथम जेव्हा "या वर्षी काकांच्या दुकानात नष्ट झाले" असे सांगितले, तेव्हा दुकान जळाले की काय असे वाटून मी घाबरलो होतो! मराठीत नष्ट म्हणजे समूळ नाहीसे होणे. कन्नडमध्ये ते एका वर्षाच्या ताळेबंदातले एक कलम. पुढच्या वर्षी ते भरून निघू शकते. टोनीने आपले नष्ट कन्नड अर्थाने घेतले. १९९२ मध्ये घरावर आणखी कर्ज काढून त्याने पेर वेलिंडर या जोडीदाराबरोबर बर्डहाउस नावाची फळ्यांची कंपनी काढली. कोणी पाहत नसतानाही उंच उतारावरचा सराव त्याने सोडला नाही.

१९९५ मध्ये दूरचित्रवाणीवर एक्स्ट्रीम गेम्स सुरू झाले आणि हा खेळ घराघरांत पोहोचला. त्याच वर्षी टोनीचे वडील वारले. २७ जून १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याने हवेत अडीच वेटोळी घेऊन उतारावर पाय टेकविले. एक वेटोळे ३६० अंशांचे, म्हणून या उडीचे नाव '९००'. या उडीमागे तो कित्येक वर्षे होता. त्या संध्याकाळी तो दहाहून अधिक वेळा पडला. स्पर्धेची वेळ संपली, तरी पंच आणि इतर खेळाडू थांबून राहिले. पडावयाचे कसे हे त्याला माहीत होते. हात पुढे न टाकता गुडघ्यांवरच्या जाड आवरणांवर घसरत खाली यावयाचे, उठावयाचे, पुन्हा वर चढावयाचे. माझ्या भावाने हात टेकला होता, म्हणून मनगट गेले.

त्याच वर्षी काही महिन्यांनी ॲक्टिव्हिजन कंपनीने त्याच्या नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आणला. त्याआधी कंपनीने त्याला पुढील सर्व रॉयल्टीच्या बदल्यात पाच लाख डॉलर एकरकमी देऊ केले होते. त्याने ते नाकारले आणि विक्रीतला वाटाच ठेवला. खेळ अफाट खपला, भागांमागून भाग निघाले. मात्र हे धाडस आंधळे नव्हते. तोवर त्याची चूल नीट पेटत होती, म्हणूनच त्याला नाही म्हणता आले. पाच डॉलरच्या भत्त्याच्या दिवसांत हाच कागद पुढे आला असता, तर त्याने कदाचित सही केली असती.

तोट्याची बाजूही लिहिली पाहिजे. टोनीबरोबर खेळणारे शेकडो होते. घर चालेल एवढे त्यांतल्या थोड्यांनाच मिळाले. वरची पायरी टिकत नाही. २०१२ मध्ये टॉम शार या बारा वर्षांच्या मुलाने पूर्ण तीन वेटोळी घेऊन '९००' मागे टाकले. २०२२ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, टोनीच्या मांडीचे हाड मोडले. त्याने १९९९ नंतर नियमित स्पर्धा सोडल्या, पण खेळणे सोडले नाही. खेळ हा स्पर्धेसाठी नसून स्पर्धा ही खेळासाठी आहे, असा त्याचा एकंदर दृष्टिकोन मला दिसतो. २००२ मध्ये त्याने स्थापन केलेल्या संस्थेने गरीब वस्त्यांतील शेकडो स्केटपार्कना मदत केली आहे. वडिलांनी स्पर्धा उभ्या केल्या, मुलाने मैदाने.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला. चार सुवर्णपदकांपैकी तीन जपानने नेली, त्यांतले एक तेरा वर्षांच्या मोमिजी निशियाने. आपल्याकडे मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार या खेड्यात २०१५ मध्ये स्केटपार्क झाले. तेथला नियम आहे की शाळेत जाईल त्यालाच फळी, आणि मुलींना आधी पाळी.

हा सारा कागद मी बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. जनवारच्या नियमाखाली पेन्सिलीने रेघ ओढली. मग फ्रॅंक हॉकच्या परिच्छेदावर बराच वेळ थांबले. शेवटी भावाकडे न बघता म्हणाले, "धावीचं वर्ष हाय, ते आधी. आणि ते गुडघ्याला बांधतात ते आपल्याकडं मिळतंय काय बघ."

मित्रहो, पोट भरते की नाही, याचे उत्तर माझ्या कागदावर अजून कोरेच आहे. एका माणसाच्या ताळेबंदावरून सर्वांचा निष्कर्ष काढू नये, हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकविले जाते. दोन गोष्टी मात्र मी माझ्यापुरत्या टिपून ठेवल्या आहेत. आपल्या कष्टाचा हक्क घाईने एकरकमी विकू नये. आणि पडणार हे ठरलेलेच असेल, तर आधी पडावयाला शिकावे. भावाचे प्लास्टर निघाले आहे. तो संध्याकाळी एकच तास खेळतो, आणि अलीकडे पडला तरी हात टेकीत नाही.