हिरवें गर्भोदक

घरांत मूल येणार असलें म्हणजे वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडीं ‘बाळानें पोटांतच शी केली’ हे शब्द कधीं कधीं ऐकूं येतात. त्यांत भय कशाचें व किती, हें प्रत्येक कुटुंबास ठाऊक असणें हितावह आहे.

गर्भ आईच्या उदरांत ज्या पाण्यांत तरंगतो त्यास गर्भोदक म्हणतात. तें तो गिळीतही असतो. गिळलेलें पाणी, अंगावरील लव, आंतड्यांतील झडलेल्या पेशी व पित्त यांचा काळसर हिरवा, चिकट मळ आंतड्यांत सांचतो. वैद्यकांत त्यास ‘मेकोनियम’ म्हणतात. खसखशीच्या बोंडाच्या चिकास असलेल्या ग्रीक शब्दावरून हें नांव पडलें. सामान्यतः तो जन्मानंतर एकदोन दिवसांत बाहेर पडतो. परंतु शंभरांपैकीं सुमारें १० ते १५ प्रसूतींत तो आधींच गर्भोदकांत मिसळतो. दिवस उलटून गेले असतां आंतडीं पक्व झाल्यामुळें हें अधिक घडतें; नाळ दाबली जाऊन प्राणवायु कमी पडला तरीही घडतें.

खरा धोका मळांत नसून तो श्वासाबरोबर फुप्फुसांत जाण्यांत आहे. गुदमरलेलें बाळ आचके देऊं लागलें म्हणजे मळ श्वासनलिकांत शिरतो. कोठें वाट बंद होते. कोठें हवा आंत जाते पण बाहेर येत नाहीं, व फुप्फुस फुगून फाटण्याचें भय असतें. शिवाय दाह होतो, आणि वायुकोश उघडे ठेवणारा द्रव निकामी होतो. तथापि हिरव्या पाण्यांत जन्मलेल्या शंभर मुलांपैकीं सुमारें ५ मुलांसच हा विकार जडतो.

पूर्वीं मस्तक बाहेर येतांच अशा मुलाचें नाक-तोंड नळीनें शोषून साफ करीत. अर्जेंटिना व अमेरिका येथें अडीच हजार मुलांवर केलेल्या, २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याचा लाभ दिसला नाहीं. आतां जोमानें रडणारें मूल आईजवळच ठेवतात. जें श्वास घेत नाहीं त्यास प्रथम श्वास देतात.

म्हणून पाणमोट फुटून पाणी हिरवें वा तपकिरी दिसलें, तर कळांची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें व रंग डॉक्टरांस सांगावा. पोटांतील हालचाल मंदावली तरीही हेंच करावें. जन्मानंतर बाळास धाप लागली, तें कण्हूं लागलें वा ओठ निळे पडले, तर क्षणाचाही विलंब नको. आईनें अमुक खाल्लें म्हणून असें झालें, असा बोल तिला कोणीं लावूं नये. दोष शोधीत बसण्यापेक्षां गाडी आणावी.